नेट गेले म्हणजे नेमके काय गेले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगाव लागते, हे पुष्कळांना ठाऊक असते. कोणाला ते तमाशाच्या फडांमुळे ठाऊक असते, कोणाला टोमॅटोच्या बाजारामुळे, तर कोणाला जवळच खोडदला असलेल्या रेडिओ दुर्बिणीमुळे. त्या नारायणगावाला लागूनच आमची वारूळवाडी. मी इथलाच. १९८६ साली टेलिफोन खात्यात लागलो तेव्हा खांबावर चढणे हेच माझे काम होते. २००० च्या ऑक्टोबरात खात्याचे भारत संचार निगम झाले, माझे काम मात्र तेच राहिले. २०२० च्या जानेवारीअखेर सुमारे ७८ हजार जणांनी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या गर्दीत मीही घरी आलो. निवृत्त माणसाला गावात काही ना काही पदवी मिळते. मला ‘नेट गेले की बोलवायचा माणूस’ ही मिळाली.

‘नेट गेले’ ही तक्रार मी आजवर इतक्यांदा ऐकली आहे की, आता ती ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो: नेमके काय गेले? घरच्या डब्यातला दिवा गेला, मोबाइलवरचे व्हॉट्सॲप गेले, संगणकावरची पाने उघडेनात, की ई-मेल येईना? बोलणाऱ्याच्या लेखी हे सगळे एकच असते. दुरुस्त करणाऱ्याला मात्र ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. हे सगळे ठाऊक असूनही २०२५ च्या फेब्रुवारीत मी स्वतः कसा फसलो, ते आज सांगणार आहे.

पण आधी थोडे जुन्या कामाबद्दल. तांब्याच्या तारेचा टेलिफोन होता तेव्हा एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत तारांची एक जोडी यायची. वाटेत पिलर, मग खांबावरची डीपी, मग घराकडे येणारी तार, मग भिंतीवरची खोबण. मध्ये कितीतरी सांधे. फोन बंद पडला की नवा पोरगा एका टोकापासून एकेक सांधा तपासत सुटायचा आणि दुपारपर्यंत तिथेच असायचा. आमचे जुने मिस्त्री तसे करत नसत. ते सरळ मधल्या पिलरपाशी जात, जोडी उघडत आणि चाचणीचा हँडसेट लावत. डायल टोन आला, तर दोष पिलर आणि घर यांच्यामध्ये. नाही आला, तर पिलर आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये. एका तपासणीत निम्मी वाट बाद! मग उरलेल्या निम्म्याचा मध्य. सोळा टप्पे असले तरी चार तपासण्यांत दोष सापडतो. गणित साधे आहे, पण घाईत ते आठवत नाही.

तांब्याची तार गेली, काचेची आली, तरी ही रीत टिकली आहे. खोडदच्या दुर्बिणीचेच घ्या ना. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मधोमध दाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. या तबकड्यांनी टिपलेले संकेत मुख्य इमारतीपर्यंत नेतात काचेच्या तंतूंनी. म्हणजे घरोघरी फायबर यायच्या कितीतरी आधी आमच्या भागातल्या शेतांखालून फायबर गेलेले होते! विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात. मी एकदा गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका तंत्रज्ञाशी बोलणे झाले. आकाशातून आलेला संकेत आणि इथल्याच एखाद्या बिघडलेल्या विजेच्या जोडातून आलेली खरखर, यांतला फरक ओळखणे हे त्यांचे मोठेच काम असते. दोष आपल्यात की बाहेर, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही, हे ऐकून मला बरे वाटले.

आता मूळ गोष्ट.

आमच्या वस्तीवर एक द्राक्षबागायतदार आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निर्यातीचा माल काढतात. निर्यातीच्या द्राक्षांचे कागद फार कडक असतात. २००६ पासून अपेडाच्या ‘ग्रेपनेट’वर प्रत्येक बागेची नोंद असते, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या द्रव्याच्या अंशावरून महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपात अडकली होती. त्या वर्षाचा धसका बागायतदारांच्या मनातून अजून गेलेला नाही. तर अण्णांचा माल तयार होता, तपासणीचा अहवाल चांगला आला होता, आणि निर्यातदाराच्या कचेरीतून दराचा व तोडणीच्या तारखेचा कागद मेलने येणार होता. तो छापायचा, सही करायची, स्कॅन करून त्याच नोंदवलेल्या मेलवरून परत पाठवायचा, की दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीची माणसे हजर. आणि नेमके त्याच दिवशी दुपारपासून आभाळ भरून आले. तयार द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात, आणि तडकलेला मणी निर्यातीच्या पेटीत जात नाही.

संध्याकाळी साडेपाचला अण्णांचा फोन आला. “भाऊ, नेट गेलंय बघा. दुपारपासून डब्यावर लाल दिवा आहे. आन् मेल बी येईना. कचेरीवाले म्हणतात, तीनदा धाडला.”

मी सायकल काढली. वाटेत मनाशी म्हटले, एकच काम आहे: लाल दिवा घालवायचा, की मेल आपोआप येईल. माझी चूक इथेच झाली, पण ती कळायला रात्रीचे आठ वाजले.

अण्णांच्या घरी पोचलो तर सूनबाईंनी तोवर डबा चार वेळा बंद-चालू करून पाहिला होता. बंद-चालू करणे हा काही अडाणी उपाय नाही, बरे का. राउटर हाही एक छोटा संगणकच असतो. दिवसेंदिवस चालून त्याची स्मृती गोंधळते, कंपनीकडून मिळालेला पत्ता जुना होतो. मिनिटभर वीज काढून पुन्हा दिली की तो सगळे नव्याने मागून घेतो. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच जातात. पण ‘एलओएस’ या अक्षरांखालचा दिवा लाल असेल, तर बंद-चालू करून काही होत नाही. त्या दिव्याचा अर्थ, काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. पाणीच नसेल तर तोटी कितीही फिरवा!

घरातल्या सगळ्यांचे मत ठरून गेले होते: उसाच्या ट्रॉलीने रस्त्यावरची तार तोडली. हंगामात तसे होतेही, तारा सैल लोंबत असतात आणि ट्रॉल्या डोंगराएवढ्या भरलेल्या असतात. पण मी घरातून निघताना माझे नेट चालू होते, आणि माझी व अण्णांची तार कोपऱ्यावरच्या खांबावरच्या एकाच पेटीतून येते. त्या पेटीत एका तंतूतला प्रकाश अनेक घरांना वाटून दिला जातो. माझ्या घरी प्रकाश येतो आहे, म्हणजे कचेरीपासून त्या खांबापर्यंतची सगळी वाट शाबूत. खांबावर न चढता निम्मे काम झाले! उरला खांब ते अण्णांचा डबा. बाहेरची तार डोळ्यांनी पाहिली, ताणलेली व धड होती. म्हणजे दोष घरातच.

“घरात काही हलवलं का आज?” मी विचारले. सगळे नाही म्हणाले. मग वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तो इन्व्हर्टर तेवढा सरकवला दुपारी, झाडताना.”

इन्व्हर्टरच्या गाड्याखाली ती पिवळी तार काटकोनात दाबली गेली होती.

काचेच्या तंतूबद्दल इथे थोडे सांगायला हवे, कारण घरोघरी तो आला आहे आणि लोक त्याला विजेच्या वायरीसारखे वागवतात. आवरण सोडले तर हा तंतू १२५ मायक्रोमीटर जाड, म्हणजे जेमतेम केसाएवढा. त्यातही प्रकाश धावतो तो गाभा ९ मायक्रोमीटरच्या आसपास. प्रकाश त्या गाभ्यात कोंडलेला राहतो, तो काठावरून पुन्हा पुन्हा आत परतवला जातो म्हणून. तार फार अरुंद वळवली की वळणावर प्रकाश आत परतत नाही, बाहेर सांडतो. म्हणून ती वळवायचीच असेल तर चहाच्या बशीएवढे तरी वेटोळे ठेवावे. खिळ्याला गाठ मारू नये, दाराच्या फटीत चेपू नये. आणखी एक महत्त्वाचे: टोक काढून ‘उजेड येतोय का बघू’ म्हणून डोळ्यापाशी धरू नये. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, आपल्या डोळ्याला दिसण्याच्या फार पलीकडचा. दिसत काहीच नाही, पण लेझर तो लेझरच. लहान मुले असतील त्या घरात तर हे कटाक्षाने सांगावे.

गाडा सरकवला, तार सोडवली, हळूच सरळ केली. नशीब, तुटली नव्हती. मिनिटाभरात लाल दिवा गेला आणि शेजारचा हिरवा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. सूनबाईंनी मोबाइलवर बातम्या लावून पाहिल्या. अण्णांनी चहा मागवला. मी आपला खुशीत.

चहा संपला तरी मेल आला नव्हता.

“म्हणजे नेट आलंच नाही की हो!” अण्णा म्हणाले. समोर बातम्या चालू असताना! पण त्यांचे बरोबरच होते. त्यांना नेट हवे होते ते त्या एका कागदासाठी. मी पुन्हा डबा पाहिला. संगणकावर तारीख बरोबर आहे का पाहिले. जुन्या संगणकातली छोटी बॅटरी संपली की तो काही वर्षे मागे जातो, आणि मग सुरक्षित पाने ‘प्रमाणपत्र चुकीचे’ म्हणून उघडत नाहीत. तारीख ठीक होती. दिवे हिरवे असून पाने उघडत नसतील तर आणखी एक शंका घेतात, ती नावांच्या यादीची. आपण पानाचे नाव लिहितो, पण यंत्रांना लागतो आकड्यांचा पत्ता. नावावरून आकडा सांगणारा मध्यस्थ बंद पडला, की सगळे नेट गेल्यासारखे वाटते. १.१.१.१ असे नुसते आकडे पत्त्याच्या जागी लिहून पान उघडले, तर दोष त्या मध्यस्थाचा. पण अण्णांकडे नावाने पाने उघडत होती, तेव्हा तेही नाही.

अर्धा तास मी असा भलतीकडे घालवला. बाहेर वीज चमकत होती. शेवटी अण्णा सहज म्हणाले, “फोनवर बी दुपारपासून मेल नाही. फोनला तर सिमचं नेट आहे.”

मी कपाळावर हात मारला. हे त्यांनी आधीच सांगितले असते, म्हणजे मी विचारले असते, तर सगळा उलगडा पहिल्या मिनिटाला झाला असता. फोनचे नेट वेगळ्या वाटेने येते. त्या वाटेनेही मेल येत नसेल, तर मेलचे दुखणे घरच्या तारेचे नव्हेच. दुखणी दोन होती आणि एकाच दिवशी आली होती. माझ्या मिस्त्रींची अर्ध्या वाटेची युक्ती उत्तम खरी, पण ती एकच दोष आहे असे धरून चालते.

मेल तुमच्या घरी येत नाही, हे पुष्कळांना सांगावे लागते. पोस्टात भाड्याची पेटी असते ना, तसे ते आहे. पाठवणाऱ्याचे पोस्ट आपल्या पोस्टाशी बोलते, पत्र आपल्या पेटीत टाकले जाते, आणि आपण घरून रस्त्याने जाऊन ते काढून आणतो. घरचे नेट म्हणजे तो रस्ता. रस्ता दुपारभर बंद असला तरी पेटीत पत्रे पडतच राहतात. रस्ता खुला झाला की एकदम मिळतात. उलट पेटीच गच्च भरली, तर रस्ता डांबरी असून काय उपयोग?

मी माझ्या फोनवरून अण्णांना ‘चाचणी’ असा एका शब्दाचा मेल टाकला. थोड्याच वेळात मलाच एक इंग्रजी पत्र परत आले. हे परतपत्र लोक कचरा समजून न वाचता टाकतात, आणि तेच खरे निदान असते. मेल कसा द्यायचा-घ्यायचा याचा जो नियम १९८२ साली ठरला, त्यात पोस्टाने पोस्टाला तीन आकडी उत्तर द्यायचे असते. पहिला आकडा ४ असेल तर अर्थ, आता अडचण आहे, पुन्हा येऊन पाहा. ५ असेल तर, नाही म्हणजे नाही. कोणी पत्ता चुकवला की ५, पेटी भरली की कधी ४, कधी ५. पुढे कारणही लिहिलेले असते. माझ्या परतपत्रात स्वच्छ लिहिले होते की, या ग्राहकाची जागा संपली आहे. निर्यातदाराच्या कचेरीतही अशीच तीन पत्रे येऊन पडली असणार.

गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. २००४ साली जीमेल निघाले तेव्हा १ जीबी म्हणजे चैन वाटायची. पण ही १५ जीबी नुसती मेलची नसते. फोनमधून आपोआप चढणारे फोटो २०२१ च्या जूनपासून त्यातच मोजले जातात. आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप २०२४ पासून त्यातच धरू लागले. अण्णा नऊ गटांत आहेत. बागायतदारांचे चार, भावकीचे दोन, भजनी मंडळ, शाळेचे वर्गमित्र आणि एक कसला ते त्यांनाही आठवेना. नऊ गटांतले सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ रोज रात्री इमानाने त्या पेटीत जाऊन बसत होते. फुले, सूर्योदय, सुविचार यांनी पेटी भरली आणि द्राक्षाच्या कागदाला जागा उरली नाही.

“पण मला कोणी सांगितलं नाही की!” अण्णा म्हणाले. सूनबाई हसल्या. “सांगत होते की, मामा. ती पट्टी रोज यायची वर. तुम्ही म्हणायचा, पैसे मागणारी जाहिरात आहे, काढून टाक.” आता यात अण्णांना तरी काय दोष द्यावा? पट्टीत जागा संपल्याचा इशाराही असतो आणि जादा जागा विकत घ्या असेही असते. माणूस दुसरे वाक्य पाहतो आणि पहिले सोडतो.

मग आम्ही बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची खूण केली आणि बॅकअप नव्याने घेतला. मेलमधली मोठी जोडपत्रे शोधून काढली, आणि कचरापेटीही रिकामी केली. हे शेवटचे पुष्कळ जण विसरतात. कचरापेटीतला मेल ३० दिवस तिथेच राहतो आणि तोवर जागा खातो. जागा झाली तरी परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत, म्हणून निर्यातदाराच्या कचेरीतल्या माणसाला फोन करून पुन्हा पाठवायला सांगितले. नऊ वाजून दहा मिनिटांनी कागद आला. छापला, सही झाली, स्कॅन होऊन साडेनऊच्या आत गेला.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी पोचण्याआधी अण्णांनी एक उद्योग केला होता, तो त्यांनी मला जाताना फाटकापाशी हळूच सांगितला. कंपनीचा मदतीचा नंबर बिलावर शोधण्याऐवजी त्यांनी तो फोनवर शोधला. जो पहिला दिसला त्यावर एक गोड बोलणारा गृहस्थ भेटला. तो म्हणाला, तुमची तक्रार नोंदवतो, फक्त हे एक ॲप उतरवून घ्या आणि त्यातला नऊ आकडी क्रमांक सांगा. असले ॲप तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवते. त्यानंतर बँकेचा संकेतांक आला की तो तुमच्याआधी तोच वाचतो. घरात फोनला रेंज धड नव्हती म्हणून ॲप उतरलेच नाही आणि अण्णा बचावले! त्यांच्या त्याच खात्यात हंगामाचे पैसे यायचे होते. लाल दिव्यावाचून एक दिवस अडते, पण या फोनवाल्याने वर्ष अडवले असते. मदतीचा नंबर बिलावरून किंवा डब्यावरच्या चिठ्ठीवरूनच घ्यावा. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत थोपवली जाण्याची शक्यता जास्त.

पाऊस त्या रात्री पलीकडे आळेफाट्याच्या बाजूला पडला म्हणे. आमच्याकडे नुसते वारे सुटले. सकाळी सहाला तोडणीची माणसे बागेत होती.

अण्णांचा इन्व्हर्टर आता खिडकीखाली गेला आहे. पिवळ्या तारेचे मोठे वेटोळे करून मी ते भिंतीवर लावून दिले, तर पुढच्या आठवड्यात वहिनींनी त्यावर बाहेरच्या खोलीतले तोरण अडकवलेले दिसले. ते काढून घ्यायला मी पुन्हा सायकल काढली.